आप्पांचं खोटं भांडण

फोन आला तेव्हा मी खराडीच्या ऑफिसात, सातव्या मजल्यावर, काचेच्या एका खोलीत बसले होते. समोरच्या पडद्यावर आमच्या सॉफ्टवेअरमध्ये उरलेल्या चुकांची यादी होती आणि त्यातली कुठली ग्राहकाला चालेल, कुठली चालणार नाही, यावर आम्ही आठजण वाद घालत होतो. मी दोनच तासांसाठी गेले होते. हॉस्पिटलात नितीन होता, माझा नवरा. सकाळीच डॉक्टर म्हणाले होते, ताप उतरतोय. फोनवर नितीन एवढंच म्हणाला, “सुजाता, आप्पा गेले.” मी विचारलं, “कुठे?” ...खरंच विचारलं. मग कळलं की कुठे असं विचारायचं नसतं.

याला आता सव्वा महिना झाला. आप्पा म्हणजे माझे सासरे. त्यांच्याविषयी लिहायचं ठरवलं आणि तीन वेळा कागद बाजूला ठेवला. कारण त्यांची जी गोष्ट मला सगळ्यात जवळून माहीत आहे, ती कुणाला सांगायची नाही असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. नितीन म्हणतो, लिहू नकोस. मैत्रीण म्हणते, लिहायलाच हवं. मला दोघांचंही पटतं, आणि हेच माझं गेला सव्वा महिना चाललं आहे.

आप्पा मोजणी खात्यात होते. सरकारी भाषेत भूकरमापक. शेतांच्या हद्दी मोजायच्या, बांध कुणाचा ते ठरवायचं, नकाशा काढायचा. पुण्याच्या पूर्वेकडची गावंच्या गावं त्यांनी पायांखाली घातली होती. मोजायच्या साखळीचं दुसरं टोक धरायला सोनावणेकाका असत. दोघं मिळून तीस वर्षं उन्हात हिंडले आणि निवृत्त झाल्यावर विश्रांतवाडीत दोन गल्ल्यांच्या अंतराने राहिले. दर रविवारी सकाळी आमच्या बुद्धविहारात वंदना आप्पा सांगत. ते पुढे बसून एकेक ओळ म्हणायचे आणि मागून सगळा विहार. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. पांढरा सदरा, पांढरी पँट, इस्त्री स्वतःच्या हाताने केलेली. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं होतं, “तुझं नेमकं काम काय असतं?” मी म्हटलं, “टेस्टिंग. दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधायच्या.” “म्हणजे आमच्याच खात्यातली आहेस,” आप्पा म्हणाले, “फक्त तुला ऊन लागत नाही.”

त्यांचं दुखणं सुरू झालं त्या सुमारास सासूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. नितीन कंपनीच्या कामासाठी वर्षभर अमेरिकेत होता. तेव्हा आमच्या इमारतीतल्या निम्म्या घरांतून कुणी ना कुणी असं ‘ऑनसाइट’ गेलेलं असायचं. घरी मी, चार वर्षांची मैत्रेयी आणि आप्पा. एका रविवारी दुपारी विहारातून आल्यावर आप्पा जेवलेच नाहीत. गॅलरीत फेऱ्या मारत राहिले. “पोटात दुखतंय का, आप्पा?” “नाही.” “मग?” “काही नाही. तू तुझं काम कर.” दोन तासांनी ते दाराची चौकट धरून उभे होते, घामाने सदरा अंगाला चिकटलेला. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “अगं... लघवी होत नाहीये. सकाळपासून.” रिक्षातून जाताना प्रत्येक गतिरोधकाला त्यांनी डोळे मिटले, पण तोंडातून हूं की चूं नाही. हॉस्पिटलात तपासणाऱ्या तरुण डॉक्टरने मला विचारलं, “तुम्ही यांच्या कोण?” मी तोंड उघडायच्या आत आप्पा म्हणाले, “मुलगी.” पुढे कितीतरी दिवस तो शब्द मी मनात घोळवला. मायेने म्हणाले, की सुनेसमोर जे उघडं करता येत नाही ते मुलीसमोर चालेल म्हणून? विचारायचं राहूनच गेलं.

प्रोस्टेटची गाठ वाढली होती. नळी घालून तुंबलेली लघवी काढली आणि पुढच्या आठवड्यात दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं ठरलं. या वयात हे सर्रास होतं, तीन-चार दिवसांत घरी, असं मोठे डॉक्टर म्हणाले आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. आमच्या ओळखीतले चारजण तेच ऑपरेशन करून ठणठणीत हिंडत होते. संमतीपत्रावर सही माझी होती. बारीक अक्षरांत, इंग्रजीत, काय काय होऊ शकतं त्याची यादी होती. आप्पांनी कॉटवरून विचारलं, “काय लिहिलंय?” मी म्हटलं, “नेहमीचंच असतं हो, आप्पा.” चुका शोधायचा पगार घेणारी मी, ती यादी शेवटपर्यंत वाचलीसुद्धा नाही. वाचली असती तरी ऑपरेशन टळलं नसतं, हे मला कळतं. पण त्यांनी विचारलं होतं, आणि मी सांगितलं नाही.

ऑपरेशन झालं, नळी निघाली, आप्पा घरी आले. पहिले काही आठवडे लाल लघवी, मग साधी. मी नितीनला कळवून टाकलं की सगळं छान आहे. आणि मग घरात मला न उमजणाऱ्या गोष्टी घडायला लागल्या. आप्पा पहाटे उठून स्वतःचे कपडे धुवायला लागले. मी मशीनमध्ये टाकते म्हटलं तर, “माझे वेगळे राहू देत.” सोफ्यावर बसेनात, प्लास्टिकच्या स्टुलावर बसायचे. संध्याकाळचा चहा सोडला. मैत्रेयी पळत येऊन मांडीवर बसायला गेली की हाताने तिला लांब धरायचे. मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं. हॉस्पिटलात मी त्यांना ज्या अवस्थेत पाहिलं त्याचा राग माझ्यावर काढताहेत, असंही वाटलं. मग एप्रिलच्या भर उन्हात ते जिन्यात चक्कर येऊन बसले. शेजारचे डॉक्टर म्हणाले, पाणीच पोटात नाही. मी चिडून विचारलं, “पाणी का पीत नाही तुम्ही?” “तहान लागत नाही,” आप्पा म्हणाले. मी लिंबाचं सरबत आणून समोर ठेवलं. ते ग्लासाकडे असे बघत बसले, जणू मी त्यांना विष दिलंय.

उलगडा झाला तो सासूबाईंच्या ट्रंकेमुळे. त्यांच्या सुती साड्या मी मैत्रेयीच्या गोधडीसाठी राखून ठेवल्या होत्या. उघडून बघते तर अकरा साड्यांच्या चारच उरलेल्या. मला आधी संतापच आला. मोलकरणीवर संशय घेतला, हेही कबूल करते. आप्पांना विचारलं. ते उठले, त्यांच्या खोलीत गेले, आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यातून एक पिशवी आणून माझ्यासमोर ठेवली. आत साड्यांचे चौकोनी तुकडे. चार-चार पदरी घड्या घालून कडेने शिवलेले. टाके इतके एकसारख्या अंतरावर, की मोजपट्टी ठेवून घातले असावेत. काही तुकड्यांवर सासूबाईंच्या हिरव्या साडीचा काठ होता. “खोकलं की होते,” ते म्हणाले. “उठलं की होते. शिंकलं की तर... विचारूच नकोस.” मग म्हणाले, “आधी येत नव्हती. आता थांबत नाही. दोन्ही तक्रारी एकाच अर्जदाराच्या.”

मी हसले. मग मला रडू आलं आणि ते दिसू नये म्हणून मी आत गेले. बाहेर आले ती माझं स्वतःचं सॅनिटरी पॅडचं पाकीट घेऊन. म्हटलं, “आप्पा, हे आम्ही तेराव्या वर्षापासून वापरतो. चादरीवर डाग पडेल, बाकावर पडेल, पांढऱ्या कपड्यांवर तर नक्कीच पडेल, या धास्तीत आम्ही शाळा केली, नोकरी केली, लग्नात मिरवलो. मला काही नवं नाही यात.” कशावर चिकटवायचं, कधी बदलायचं, कागदात गुंडाळून कसं टाकायचं, सगळं सांगितलं. पुरुषांसाठी वेगळे मिळतात हे मला नंतर कळलं, त्या दिवशी घरात होते तेच. आप्पा मोजणीचा नवा नियम समजून घ्यावा तसे मान खाली घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, “तेराव्या वर्षापासून?” “हो.” “आणि हिनेही?” सासूबाईंबद्दल विचारत होते. “म्हणजे काय.” ते बराच वेळ त्या हिरव्या काठावरून अंगठा फिरवत बसले. “कधी कळलंच नाही,” म्हणाले. मग मान वर करून, “कुणाला सांगायचं नाही, सुजाता. नितीनलाही नाही.” मी हो म्हटलं. नितीनला वर्षभराने कळलं, ते त्याने परत आल्यावर स्वतःच ओळखलं म्हणून. बाहेर मात्र कुणालाच नाही.

डॉक्टर म्हणाले होते की सहा महिन्यांत पुष्कळसं सुधारेल, स्नायू आवळायचे व्यायाम करा. आप्पा वर्तमानपत्र वाचता वाचता मोजून करायचे आणि खरंच फरक पडला. पण मग उलटंच झालं. आतला मार्ग आक्रसायला लागला. धार बारीक होत होत थेंबावर आली. पुन्हा हॉस्पिटल, पुन्हा भूल देऊन रुंद करणं, आणि चार महिन्यांनी परत तेच. शेवटी तिथल्या ब्रदरनी त्यांना स्वतःच नळी घालायला शिकवलं. हात धुवायचे, जेली लावायची, हळूहळू सरकवायची, आठवड्यातून दोनदा. सात वर्षं त्यांनी ते केलं. बुधवार आणि रविवार. त्यांच्या खोलीचं दार लागलं की मी टीव्हीचा आवाज वाढवायची... त्यांच्यासाठी की माझ्यासाठी, कोण जाणे.

आता ते भांडण. ते नळी सुरू व्हायच्या थोडं आधीचं. विहारात वंदनेला पुढे बसलेल्या माणसाला मधेच उठता येत नाही. पण सभागृहाला बाजूचं एक दार होतं, तिथून चार पावलांवर शौचालय. आप्पा त्या दाराजवळ बसून वंदना सांगायला लागले आणि त्यांचं निभत होतं. मग सोनावणेकाकांनी आपल्या आईच्या स्मरणार्थ विहाराला चपलांसाठी लोखंडी मांडणी दिली आणि समितीने ती नेमकी त्या बाजूच्या दाराला लावून ठेवली. दार बंद झालं. आप्पांनी सभेत हरकत घेतली. खरं कारण तर सांगता येईना. म्हणाले, चपलांची मांडणी सभागृहाच्या भिंतीला नको, शोभत नाही. सोनावणेकाकांना ते आईच्या नावावर घाव घातल्यासारखं लागलं. आवाज चढले. पुढच्या रविवारी आप्पा गेले, आणि वंदना अर्ध्यावर आली असताना उठून, सगळ्यांच्या मधून वाट काढत, मुख्य दाराने निघून आले. परत गेलेच नाहीत. लोक म्हणाले, मांडणीवरून रुसले. आप्पांनी ते तसंच राहू दिलं.

सोनावणेकाका समजूत घालायला घरी यायचे. खालून त्यांची हाक आली की आप्पा मला म्हणायचे, “झोपलेत म्हणून सांग.” सकाळी अकरा वाजता मी सांगायची, झोपलेत. काका पायऱ्यांवरच थोडा वेळ थांबायचे, मैत्रेयीच्या हातावर दोन गोळ्या ठेवायचे आणि जायचे. एकदा मी वैतागले. “आप्पा, आता तुम्हाला सगळं सांभाळता येतं. जा ना परत.” “आता गेलो तर भांडण मिटलं असं होईल.” “मिटू दे की!” “मग लोक विचारतील, भांडण कशाचं होतं.” त्यांचं हे म्हणणं सरळ होतं की वेडगळ, ते आजही मला ठरवता येत नाही.

असं नव्हे की ती सात वर्षं नुसती दाराआड गेली. आमच्या कंपनीत घरच्यांना बोलावण्याचा एक दिवस असायचा, त्याला एकदा आप्पा आले. खराडीत उतरल्यापासून ते इमारतींकडे न बघता जमिनीकडे बघत होते. गाड्या लावायच्या तळघरात एका खांबापाशी थांबले आणि म्हणाले, “इथे विहीर होती. दोन भावांच्या सामाईकीची. मोजणीच्या दिवशी दोघं एकमेकांना दगड मारायला निघाले होते, तेव्हा सोनावणे मधे बसला. साखळीवर. म्हणाला, मारा, पण सरकारी सामानाला लागलं तर भरून द्यावं लागेल.” आणि आप्पा एवढ्या मोठ्याने हसले की सुरक्षारक्षकाने वळून पाहिलं. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी त्यांच्या तोंडून सोनावण्यांचं नाव निघालं होतं. मी संधी साधून म्हटलं, “भेटून येऊ या का जाताना?” त्यांचं हसू तिथेच विझलं. “चल, मैत्रेयीला भूक लागली असेल.”

शेवटचं दुखणं जेमतेम चार दिवसांचं. सकाळी हुडहुडी भरली. म्हणाले, पंखा बंद कर. मी तापाची गोळी दिली आणि ऑफिसला गेले, कारण असा थंडी-ताप त्यांना नळीच्या त्रासाने आधीही दोनदा येऊन गेला होता. “नेहमीचंच,” तेही म्हणाले. दुसऱ्या दिवशी मात्र ते मैत्रेयीला ओळखेनात. लघवीतला जंतुसंसर्ग रक्तात गेला होता आणि त्यामुळे भ्रम झाला होता, असं हॉस्पिटलात कळलं. मी शेजारी बसले होते, तर माझ्याकडे बघून म्हणाले, “सोनावणे, साखळी सैल पडलीय. ताण.” मी म्हटलं, “आप्पा, मी सुजाता.” “ताण म्हणतो ना!” मला काय करावं कळेना. मी त्यांच्या चादरीचं टोक धरलं आणि ओढलं. त्यांनी त्यांच्या बाजूने दुसरं टोक घट्ट धरलं. “किती?” मी तोंडाला येईल तो आकडा सांगितला, चाळीस. “चूक. पुन्हा घे.” आम्ही पुन्हा घेतलं. पाच-सहा वेळा तरी घेतलं. शेवटी एका आकड्यावर त्यांचं समाधान झालं, म्हणाले, “लिही,” आणि झोपले. तो आकडा मला आठवत नाही. लिहून ठेवायला हवा होता, असं सारखं वाटतं, आणि लिहून काय केलं असतं तेही कळत नाही.

आप्पांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. भंतेजींचं झालं, भोजन झालं, लोक पांगले. सोनावणेकाका राहिले. जिन्यात, त्यांच्या नेहमीच्या पायरीवर. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाले, “बस जरा.” मी बसले. मनात म्हटलं, आता सांगून टाकावं. हा माणूस सात वर्षं स्वतःच्या आईच्या मांडणीला दोष देत बसलाय. पण मी शब्द दिला होता. ज्याला दिला तो तर नाही... मग तो संपतो, की आता तर मोडताच येत नाही? मी अडखळत सुरुवात केली, “काका, ते भांडण मांडणीचं नव्हतं...”

“मला ठावं व्हतं, पोरी,” काका म्हणाले.

“कसं?” मी विचारलं.

“त्या रविवारी आप्पा उठले न्हाई का मधनंच? मी पुढंच बसलो व्हतो. पांढऱ्या पँटीवर मला दिसलं. आणि मी बघितलं, हे त्यांनी बघितलं.” पाण्याचा पेला त्यांनी न पिताच खाली ठेवला. “त्याच्यासाठीच येत व्हतो मी. म्हणायला, की मला काय न्हाई त्याचं. तीस वर्षं रानात एका झाडामागं उभं ऱ्हायलो आम्ही, माझ्यापाशी कसली लाज? पण ते झोपल्यात म्हणून तू सांगायचीस. मग मीच म्हटलं, मी दिसलो की त्यांना त्येच आठवत असंल. ऱ्हाऊ द्यावं. म्हणून येणं कमी केलं.”

“तुम्ही कुणाला बोलला नाहीत?”

“कुणाला बोलू? घरी मालकिणीला पण न्हाई. लोकांनी इचारलं तर म्हणायचो, मांडणीवरून रुसलाय म्हातारा.”

म्हणजे दोघं एकच गुपित सांभाळत होते, एकमेकांशी एक शब्द न बोलता. आणि मधे दारात उभी राहून मी खोटं सांगत होते. काका गेल्यावर मी त्यांचा भरलेला पेला उचलून आत नेला. एक दिवस, फक्त एक दिवस मी दार उघडून म्हटलं असतं, “जागे आहेत, आत या,” तर? कदाचित आप्पांनी मला कधीच माफ केलं नसतं. कदाचित दोघं चहा प्यायले असते. मी उलटसुलट करून पाहते आणि दोन्ही मला खरंच वाटतं. हे सगळं मी इथे लिहिलं, हा आप्पांचा विश्वासघात की दुसऱ्या कुणा आप्पांच्या घरी दार उघडायची तजवीज, तेही नक्की सांगता येत नाही. माझ्यापुरतं मी दुसरं मानून घेतलं आहे.

गेल्या आठवड्यात ऑफिसातल्या एका मुलीच्या लग्नाला गेले होते. मंगल कार्यालयात शिरले आणि शिरल्याशिरल्या समोर दिसलेल्या व्यवस्थापकांना चांगल्या मोठ्या आवाजात विचारलं, “अहो, स्वच्छतागृह कुठे आहे?” आप्पांबरोबर बाहेर पडून पडून लागलेली सवय. कुठेही गेलं की मी आधी विचारायचं, मोठ्याने, म्हणजे मागे उभ्या असलेल्या त्यांना ऐकू जाईल आणि विचारावं लागणार नाही. व्यवस्थापकांनी हात करून दाखवलं, “त्या खांबामागून डावीकडे.” मी सवयीने मागे वळले. मागे आप्पा नव्हते. मला जायचंही नव्हतं. मी तशीच उभी राहिले, आता पुढे काय करायचं असतं ते न सुचून. तेवढ्यात बाजूच्या खुर्चीवरून एक आजोबा उठले. पांढऱ्या सदऱ्यातले, माझ्या कुणी ओळखीचे नव्हेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सदरा मागून जरा खाली ओढला, आणि खांबामागून डावीकडे चालायला लागले.